झुकणारा क्रूस

१ सप्टेंबर
आज आमचं नवं वर्ष सुरू, गावही नवं. बंदराजवळच घर मिळालं, पुढे माझी भट्टी, मागे अंगण. माझ्या बायकोचे, एव्प्राक्सियाचे दिवस भरत आलेत, तरी बाईने आल्या आल्या चूल पेटवून मासे तळले. पाद्री निकेतास स्वतः काम घेऊन आले. चौदाला क्रूसाचा सण, तोवर देवळातला क्रूस रोज गल्लीगल्लीतून मिरवतात; तो दुरुस्त करायचाय. काय देखणं काम आहे! लोखंडी गाभ्यावर चांदीचा पत्रा, कडांना सोन्याचा मुलामा. फक्त दांड्यात ढिला बसलाय, चालताना मधेच झुकतो.

४ सप्टेंबर
झुकतो तो म्हणे ठरावीक दारासमोर. तिथलं माणूस दोन दिवसांत जातं. क्रूस वाहणारे सिसिनिओस आजोबा मला म्हणाले, "सोनारा, तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव. त्याला खिळे ठोकू नकोस." मला लबाडीचा वास आला. म्हाताराच मनगट वळवत असणार. गावात कोण आजारी, हे कुणाला ठाऊक नसतं?

७ सप्टेंबर
खिळे ठोकले, वर शिसं ओतलं. तरी आज नावाड्याच्या दारात झुकलाच. नावाडी धडधाकट. उलट मलाच चिडवत होता, "काय सोनार, शिसं पातळ पडलं वाटतं?" मी म्हाताऱ्याच्या हातांवरून नजर काढली नाही.

९ सप्टेंबर
नावाडी जेवता जेवता गेला. म्हातारा विष घालतो, असं मी निकेतासांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, मग परवा तूच वाहा.

११ सप्टेंबर
मी वाहिला. आमच्या दारात एव्प्राक्सिया मेणबत्ती घेऊन उभी होती. झुकला. मी हात हलवला नव्हता. ती हसून म्हणाली, "अहो, नीट धरा की." सिसिनिओस रडत होता. मी उगाच त्याच्यावर आळ घेतला.

१२ सप्टेंबर
दुरुस्तीच्या नावाखाली क्रूस घरी आणला. दांड्यातून काढून टेबलावर आडवा ठेवला. आता झुकेल कुठे? एव्प्राक्सियाला कळा सुरू झाल्यात, सुईण तिला अंगणापलीकडच्या खोलीत घेऊन गेली. क्रूसाचं वरचं टोक आपोआप त्या खोलीकडे वळलं. मी फिरवून ठेवलं — पुन्हा तिकडेच —

दुपार
देवा, मला ने, तिला सोड. शंभरदा म्हटलं. टोक माझ्याकडे वळलं. खिडकीपाशी सरकलो, टोक माझ्यामागे. ऐकलं त्याने. ती वाचली —

मुलगा झाला! सुईण ओरडून सांगतेय. बापाला दाखवायला बाळ घेऊन येते म्हणाली —

टोक माझ्यावरून हटलं — अंगणाकडे — नको आणूस म्हणतोय, ती हसतेय — दाराकडे वळलं, तिच्या पावलांबरोबर, तिच्या हातातल्या बाळाकडे — मी मधे उभा राहतो, मी मधे —