मित्रबुरशी आणि चाळीस डिग्री

७ ऑक्टोबर
बायकोच्या रोपवाटिकेत मर लागली. मिरचीची रोपं बुडाशी मऊ पडून आडवी होतायत. वीस तारखेला तिच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर. ही म्हणाली, दुकानातून मित्रबुरशीचा पुडा आणते, मातीत मिसळला की रोग थांबतो. म्हटलं, बुरशी आणि विकत? मी सायन्सचा माणूस आहे, पहिल्या वर्षापर्यंत का होईना. आठवड्यात घरी वाढवून देतो. ही रोपांना पाणी घालायला निघून गेली. म्हणजे पटलं.

८ ऑक्टोबर
लॅबवाल्या मेहुण्याकडून बुरशीची ट्यूब आणली. म्हणाला, बटाट्याचं पाणी, साखर, घट्ट व्हायला चायना ग्रास, तापमान अठ्ठावीस, आणि सारखं उघडून बघू नका. शेवटचं कानाआड केलं. डबे भरले. शेगडीभर चिकटलं. किरकोळ.

९ ऑक्टोबर, दुपारी
डबे उन्हात ठेवले होते. घरातलं ताप मोजायचं काचेचं थर्मामीटर आत घातलं. चाळीस! बरं झालं मोजलं. लोक अंदाजपंचे कामं करतात आणि मग रडतात.

१० ऑक्टोबर
बाथरूमच्या गार फरशीवर. चाळीस.
संध्याकाळी फ्रिजमध्ये. चाळीस! फ्रिजवाल्याला बोलावलं. म्हणाला, फ्रिज उत्तम आहे. हल्ली कुणाचं कामात लक्षच नसतं.

१२ ऑक्टोबर
डोक्यात लख्ख प्रकाश. बुरशी जिवंत आहे, ती स्वतःच उष्णता सोडतेय! म्हणजे वाढ जोरात आहे, फक्त दिसत नाही. हिला समजावलं. ही म्हणाली, आज आणखी दोन ट्रे गेले, आणू का पुडा? भडकलोच. नवऱ्यावर एवढाही विश्वास नाही? आणायचा नाही म्हणजे नाही.

१४ ऑक्टोबर
दोष बटाट्याचा. आता भात आणि ओट्स शिजवून त्यावर बुरशी लावली. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तो माझा नाश्ता होता. असतो एकेकाचा दृष्टिकोन. डबे त्यांच्याच खोलीत ठेवले, एसी तिथेच आहे. सोळावर लावला. भोवती बर्फ.

१५ ऑक्टोबर
चाळीस. भाताचा दगड झालाय. बुरशीचा पत्ता नाही. वैताग नुसता! मेहुण्याने मेलेली ट्यूब गळ्यात मारली असणार.

१७ ऑक्टोबर
सासूबाईंचं अंग कसकसतंय, सारख्या शिंकतायत. ताप बघायला हिने थर्मामीटर मागितलं. चाळीसच दाखवत होतं. हिने ते दोनतीनदा जोरात झटकलं आणि मग लावलं. झटकतेस कशाला, असं मी विचारलं. ही म्हणाली, झटकल्याशिवाय यातला पारा खाली येतच नाही, लहान मुलालाही माहीत असतं. मग म्हणाली, म्हणजे इतके दिवस एकदाही झटकलं नाहीत तुम्ही?
डबे गच्चीवर नेऊन फेकल्यासारखे ठेवले. असल्या गोष्टी थर्मामीटरवर लिहायला नकोत?
संध्याकाळी ही स्वतःच पुडा घेऊन आली. दुकानदार म्हणाला म्हणे, मर दिसली तेव्हाच घालायला हवा होता.

२० ऑक्टोबर
गिऱ्हाईक टेंपो घेऊन आलं आणि रिकामा टेंपो घेऊन गेलं. ओरडलासुद्धा नाही तो. एवढंच म्हणाला की ताई, पुढच्या वेळी दुसरीकडे बघतो.
मी आपला गच्चीवर जाऊन बसलो. सहज डब्यांकडे नजर गेली. भातावर बुरशी! हिरवीगार, काठोकाठ. कुणी हात लावला नव्हता, कुणी मोजलं नव्हतं.
डबा घेऊन धावत खाली आलो. म्हटलं, बघ, आली! ही रिकामे ट्रे धुवत होती. डब्यात डोकावून म्हणाली, छान आलीय, पण आता घालू कशाला?
एकही रोप उरलं नाहीये.