मागच्या काचेतले देश

मामंजी, तुमच्याशी मी सरळ बोलले ती एकाच दिवशी, आणि तो दिवस आपल्या कोळवणात नाही, तुर्कस्तानातल्या बर्फात, बंद पडलेल्या मोटारीत गेला. त्याबद्दल पुढं ना तुम्ही चकार शब्द काढलात, ना मी. आज काढते. आता तुम्ही अडवणार नाही, आणि मधे निरोप पोचवायला तुमचे चिरंजीवही राहिले नाहीत.

विलायतेहून मोटारीनं घरी यायचं खूळ यांचं, पण निमित्त तुमचं. सासूबाई गेल्यावर यांनी तुम्हाला आमच्याकडं बोलावून घेतलं, तर येताना बोटीत तुमच्या पोटात पाणी ठरलं नाही. तिथल्या थंडीला कंटाळून तुम्ही परत जायचं काढलंत, पण मेलो तरी पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही म्हणालात. विमान आपल्या ऐपतीबाहेरचं. मग यांनी पाव पोचवायची, चारी बाजूंनी बंद अशी एक जुनी मोटार घेतली, आत फळ्या ठोकून झोपायला बाकडं केलं, स्टोव्ह बसवला, आणि आपण तिघं निघालो. घर चाकांवर न्यायचं म्हणत होते, आणि नेलंही अगदी रीतिरिवाजासकट. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, पण त्या मोटारीत ताठ उभं राहायला जागाच नव्हती. तोड म्हणून माझं एक जुनं लुगडं पुढच्या बैठकीमागं आडवं बांधलं. पुढं तुम्ही दोघं बापलेक. मागं मी, डबे आणि रॉकेलचा वास.

पडद्यामुळं मला पुढचं काही दिसायचं नाही. मागच्या दाराला वीतभर काच होती, तिच्यातून मी बघायची. म्हणून मी सगळे देश पाठमोरेच पाहिले. डोंगर जवळ येताना नाही, लांब जाताना. तुम्हाला तलफ आली की तुम्ही यांना म्हणायचात, "तिला म्हनावं, च्या ठेव." मी हातभर अंतरावर बसून ते ऐकलेलं असायचं, तरी हे पुन्हा मला सांगायचे आणि मगच मी स्टोव्ह पेटवायची. वळणावळणांत मला उलट्या व्हायच्या, त्याही आवाज न करता पातेल्यात. दर सरहद्दीवर कुणी शिपाई पडदा सारून मला आणि डब्यांना एकाच नजरेनं तपासायचा, आणि तुम्ही तोंड फिरवून बाहेर बघत राहायचात. परके मला बघून जात होते, घरचं माणूस तेवढं बघत नव्हतं. कोंडून घातल्यासारखं व्हायचं मला. दार उघडून चालत सुटावं असं वाटायचं, पण कुठल्या दिशेला कोळवण, तेही ठाऊक नव्हतं.

तुर्कस्तानात चढ लागला आणि टपावरची वळकटी सुटली. माझ्या डोळ्यांदेखत काचेसमोरून घरंगळत खाली गेली. तिच्यात तिघांची पांघरुणं होती. यांना हाक मारावी, तर शेजारी तुम्ही. सासऱ्यादेखत नवऱ्याला हाक मारायची माझी छाती झाली नाही. मी पळीनं पातेलं बडवलं. पुढून तुम्ही म्हणालात, "रस्ता लई खराब हाय, भांडी वाजत्यात." मी आणखी बडवलं. हे म्हणाले, पुढच्या गावात भांडी नीट बांधू. गावात थांबल्यावर कळलं. माघारी जाऊन पाहिलं तर रस्त्यावर काहीच नव्हतं. हे माझ्यावर कडाडले. मला रडू नाही आलं, संताप आला, आणि तो मी नेहमीसारखा पडद्याआड गिळला.

दुसऱ्या दिवशी घाटात बर्फ लागला आणि मोटार बंद पडली. हे एका ट्रकवाल्याबरोबर मेकॅनिक आणायला गेले. तुम्हाला आधीच खोकला झालेला, अंगावर घ्यायला धड काही नाही. तुमचे दात वाजताना मला ऐकू येत होते. मी चहा केला आणि पडद्याखालून पेला सरकवला. तो तिथंच गार झाला. मग तुमचा खोकलाही थांबला आणि माझं धाबं दणाणलं. हातभर अंतरावर सासरा मरतोय आणि मी रीत सांभाळत बसलेय. मी म्हणाले, "मामंजी." उत्तर यायला फार वेळ लागला.

"पोरी, त्यो पडदा सोड. पांगराय व्हईल."

मी गाठी सोडल्या, लुगडं तुमच्या अंगावर घातलं, नवा चहा करून तोंडाला लावला. तुमचे ओठ निळे पडले होते. मी तशीच वाकून उभी राहिले, तेव्हा तुम्ही यांच्या रिकाम्या जागेकडं बोट केलंत.

"बस. हितं कोन बगतंय?"

मी बसले. पहिल्यांदाच मला समोरचा रस्ता दिसला. मग तुम्ही म्हणालात, "तुजी सासू माज्या बापासमूर जल्मात बसली न्हाई. गुडगं गेलं तिचं. म्या कदी तिला बस म्हनलं न्हाई." आणि तुम्ही डोळे पुसलेत. सांजेला हे मेकॅनिक घेऊन आले, आपल्या दोघांना तसं शेजारी बघून दारातच थबकले. पुढं लुगडं तुमच्या खांद्यावरच राहिलं. मागं बसून तुमच्या दोघांच्या मधून मी इराण बघितला, समोरून.

मग आपली सरहद्द आली. तुम्ही खांद्यावरचं लुगडं काढलंत, नीट घडी घातलीत आणि माझ्याकडं न बघता माझ्या हातात दिलंत. "आता आपली मानसं लागतील," एवढंच म्हणालात. गाठी मीच मारल्या. बावधन, भूगाव, पौड, थेट कोळवणापर्यंत सगळं मी मागच्या काचेतून पाहिलं.

ती मोटार खळ्याशेजारी गंजली, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. तुम्ही पुढं पुष्कळ वर्षं जगलात. रोज तुमचं ताट ठेवून मी पदर सावरून दाराशी उभी राहायची आणि त्या एका 'बस'ची वाट बघायची. शेवटच्या दुखण्यात तुमची वाचा होती, पण बोलणं कमी झालेलं. मी पाणी घेऊन आले, तेव्हा खोली भावकीनं भरली होती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि बाजेच्या कडेवर हात थोपटलात. मला कळलं. मी उभीच राहिले. बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी.

हा कागद कुठं धाडायचा नाहीच, म्हणून लिहिते. आत्ता मी तुमच्याच बाजेवर बसलेय, गुडघे दुखतात. ती मर्यादा नव्हती, मामंजी. मी रुसले होते. सगळ्यांदेखत, तोंडानं म्हणायला हवं होतंत.