बैठकीतली शेकोटी

१३ जुलै १९९७, रविवार
हेमराजकडे चहा. चुलतभाऊ, तीन घरं सोडून राहतो, म्हणून जावं लागतं. नवी लादी, नवं शोकेस, त्यात काचेचे मासे. मला जळायचं काही कारण नाही. घरी येऊन जेवलो नाही, कारण भूक नव्हती.
श्रावणात आमच्या कुळाची देवी, कानबाई, गेली दोन वर्षं त्याच्याकडेच बसते आणि अख्खं कूळ तिथे जमतं. म्हणे हेमराजचं घर ऐसपैस. सुरतेत डिंडोलीच्या या सोसायटीत सगळी घरं एकाच मापाची आहेत. यंदा कानबाई माझ्याकडे. ठरलं.

१४ जुलै
कडोदऱ्याला आमच्या कारखान्यात यार्नवाल्याचं कॅलेंडर आहे. जुलैच्या पानावर विलायतेतल्या खेड्यातलं घर. भिंतीभर फुलं, खिडकीला झालरीचे पडदे, बैठकीत विटांची शेकोटी. असं घर सुरतेत कुणाचंच नसणार. पान फाडून आणलं. शेठने विचारलं तर सांगेन, महिना संपला.

१७ जुलै
मंगला म्हणाली, इथे लाइट गेली की आपण गच्चीवर झोपतो, शेकोटी कशाला? बायकोला टेस्ट नाही. पेटवायची नसतेच, आत लाल बल्ब लावायचा. हेमराजच्या बायकोला, वर्षाला, एका मिनिटात पटलं असतं. पण तिला सांगणार नाही, ती कॉपी करेल.

२० जुलै, रविवार
पर्वत पाटियाहून फुलाफुलांचं कापड. डागी माल, पण डाग फुलांत लपतात. मैद्याच्या लईने भिंतींना चिकटवलं, उरलेल्याचे झालरीचे पडदे. हेमराज दारातून डोकावला, चप्पलही न काढता गेला. जळला.

२४ जुलै
उखा मिस्त्रीने शेकोटी बांधली. पूर्वेची भिंत संपली. चित्रापेक्षा मोठी झालीय, पण लहान असती तर हेमराज हसला असता. धुराडं छतापर्यंत जातं, पुढे स्लॅब. दाखवायचंच तर आहे.

२९ जुलै
चार दिवस पाऊस. फुलांवर बुरशी, लईला मुंग्या. मंगला म्हणते कुबट वास येतो. मी म्हटलं, खेड्यातलं घर आहे, येणारच.

२ ऑगस्ट
मालतीकाकू घर बघायला आल्या. कुळात सर्वांत मोठ्या, त्यांचा शब्द शेवटचा. उभ्याउभ्याच विचारलं, बठकमा चूल कसाले बांधी? मी विलायत समजावून सांगितली. मग विचारलं, कानबाई कोठे बसाडशी? चौरंग पूर्वेच्या भिंतीला लागतो, आणि भिंत ताज्या चुन्याची लागते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. विसरलो नव्हतो, फक्त आठवलं नाही. काकूंनी नखाने एक फूल खरवडून पाहिलं.
माझ्याकडे पाणीही न घेता हेमराजकडे गेल्या. तिथे दोन कप चहा घेतला. मी सहज रस्त्यावर उभा होतो.

८ ऑगस्ट, नागपंचमी
कानबाई हेमराजकडे. मनाला लावून घेतलेलं नाही. रविवारी ती बसेल, त्या दिवशी माझी तब्येत बिघडणार आहे.

१० ऑगस्ट, रविवार, सकाळी ११
दारात मालतीकाकू, वर्षा आणि मागे पंधरा-वीस बायका, परातींत नैवेद्याच्या रोटांचं पीठ. एवढे रोट गॅसवर होत नाहीत, बाहेर पाऊस, आणि चुलीच्या धुराने हेमराजची लादी खराब होईल. काकू शेकोटीपुढे बसल्या. बल्ब काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, बरं करं भाऊ, चूल आधीच बांधी ठेवी.

संध्याकाळी ७
धूर स्लॅबपर्यंत गेला आणि परत आला. फुलं काळी, पडदे काळे. अख्ख्या कुळाचे रोट माझ्या बैठकीत झाले. परात डोक्यावर घेऊन मीच हेमराजकडे पोचवले. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे कानबाई बसली होती. फार सुंदर दिसत होती. मला तिचाही राग आला.

११ ऑगस्ट
विसर्जन झालं. काकूंनी सगळ्यांसमोर ठरवलं, यापुढे कानबाई हेमराजकडे, रोट सुकलालकडे, म्हणजे माझ्याकडे. दरवर्षी. माझा मान बघून हेमराजचं तोंड वाकडं झालं.
मंगला म्हणते, तो जांभई देत होता.