दातानं बांधलेली गाठ

दादा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. हे आधी सांगते, नमस्कार नंतर.

विहिरीच्या दगडी बांधकामात उगवलेले पिंपळ उपटायचे, हे तुमचं काम. तेव्हा निजामाचं राज्य होतं. पिंगळीपासून जिंतूरपर्यंत कुणाची विहीर फुटायला लागली की तुम्हाला बोलावणं यायचं. पिंपळाला हात लावायला लोक भ्यायचे. तुम्ही आधी त्याला हात जोडायचात आणि मग मुळासकट ओढायचात. मुलगा नव्हता म्हणून मला शिकवलंत. चुलीजवळ शहाबादी फरशीचा एक तुकडा उभा असायचा. एका बाजूनं अंगठा, दुसऱ्या बाजूनं चार बोटं, आणि आईची भाकरी भाजून होईपर्यंत तो अधांतरी धरायचा. माझी बोटं थरथरतात. आई म्हणते, "पोरीचा हात हाय त्यो, सांडशी न्हाई." तुम्ही हसता आणि फरशीला गोडेतेल लावता. निसटली की म्हणता, "इहिरीतला दगड शेवाळलेलाच ऱ्हातो. उचल."

मी उचलत राहिले. तुमच्याइतकी पकड आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याच वर्षी आमराईतल्या विहिरीत तुमचा दोर दगडावर घासून तुटला. तुम्ही खाली एका कपारीत अडकलात, उजवा खांदा निखळलेला. मोटेवरच्या दोघा गड्यांनी दुसरा दोर सोडला, पण एका हातानं तुम्हाला तो बांधता येईना. मी परकर खोचला आणि उतरले. पुढं आलेला एकेक दगड चिमटीत धरत तुमच्यापर्यंत आले, तुमच्या कमरेला गाठ मारली. गड्यांनी तुम्हाला वर ओढलं. मी उतरले तशीच चढून आले.

संध्याकाळी ओसरीवर गाव जमलं. मी तुमच्या खांद्याला हळदीचा लेप लावत होते. कुणीतरी विचारलं, "दोर कुनी बांधला?"

"म्या."

"एका हातानं?"

"दातानं."

आणि गड्यांकडे असं बघितलंत, की ते खाली बघत बसले. माणसं गेल्यावर मी विचारलं, खोटं का बोललात. तुम्ही म्हणालात, "पोरीनं बापाला काडलं म्हन्ल्यावर माजी इज्जत काय ऱ्हायली? अन् तुला कोन करंल?" दुसऱ्या दिवशी फरशी न्हाणीत टाकलीत. खांदा बरा होईपर्यंत तिच्यावर बसून माझ्याच हातून अंगावर पाणी घेतलंत. लाज वाटली नाही तुम्हाला? मी पुन्हा कुठल्याच विहिरीत उतरले नाही. तुम्ही उतरू दिलं नाही.

सोनपेठला सासरी आले, तर तुमचे दात माझ्याआधी तिथं पोचलेले. सासरे पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे आणि मी पदराआड अंगठे झाकून उभी असायचे. आतून नुसती जळायचे.

लिहायला उशिरा शिकले, तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. टाकायचं कुठं, म्हणून घडी करून डब्यात ठेवणार आहे. पण एक राहिलं. काल नातीनं विचारलं, "आज्जी, तुजे आंगठे आसे जाड कशानं झाले?" घरात दुसरं कुणी नव्हतं. अडवायला तुम्हीही नव्हतात. मी म्हटलं, जातं ओढून. मग तिला तुमची विहिरीची गोष्ट सांगितली.

दातानंच बांधलात, असं सांगितलं, दादा.