खोक्याचं इंजिन बदलायचं की नाही

बा, मी तुझी मधली बोलतेय. तू गेलास तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि आता माझ्याकडे बघून कुणी म्हणेल की मी तुझी आई. अक्षर माझं नाही. मला अक्षर कधी आलंच नाही हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या वेळेला मी बंदरावर असायची आणि तू ते बघून न बघितल्यासारखं करायचास. मी बोलते, सूनबाई लिहिते. तिला म्हटलंय, जसं बोलते तसं लिही, सुधारू नको. तरी ती सुधारते. शिकलेली आहे, तिचाही इलाज नाही. तर आज सकाळपासून मला भीती वाटतेय, आणि कारण ऐकलंस तर हसशील. बोईसरच्या एका दुकानात आमचा कॉम्प्युटर उघडून ठेवलाय. सूनबाई तो चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून, आजारी पोराला न्यावं तसा घेऊन गेली आणि ठेवून आली. दुकानदार सहा वाजेपर्यंत थांबणार आहे. त्याला माझ्याकडून फक्त हो की नाही हवंय. आता चार वाजून गेले आणि माझ्या तोंडातून दोन्हीपैकी एकही शब्द निघत नाही.

कॉम्प्युटर म्हणजे एक खोकं आणि एक काच. माझ्या नातीने, म्हणजे या लिहिणारीच्याच मुलीने, पालघरला कॉलेजात असताना घेतला होता. पोरगी आता बंगळूरला आहे. जाताना खोकं इथेच ठेवून गेली आणि त्याच्यावर खेळायचं कसं ते मला शिकवून गेली. होय, मी खेळते. तुला काय वाटलं, सत्तरी उलटल्यावर मी माळ ओढत बसले असेन? खेळात एक नाव आहे, ती दोघांनी चालवायची. मी इथून सुकाणू धरते, पोरगी तिकडून जाळं टाकते. चार बटणांवर तिने लाल नेलपॉलिशचे ठिपके लावून दिलेत, तेवढ्या चार ठिपक्यांत माझा सगळा समुद्र. कानावर एक लावायचं असतं, त्यातून तिचा आवाज येतो. तू मला कधी नावेवर घेतलं नाहीस. बाईमाणसाने नावेत पाय ठेवायचा नाही म्हणायचास. आता बघ, नाव हाकणारी तांडेल मी आहे. या मासळीला वास नाही आणि हात कापत नाहीत, तेवढी एक खोट. पण नाव बुडाली तर पुन्हा धक्क्याला जशीच्या तशी उभी असते. हे तुझ्या वेळी हवं होतं.

गेले दोन महिने खोकं थकलंय. मोठी लाट आली की चित्र थिजतं. लाट अर्ध्यावर उभी, नाव तिरपी, आणि कानातला पोरीचा आवाजसुद्धा अर्ध्या शब्दावर अडकून राहतो. मी हाका मारत बसते. मग कधी सुटतं, कधी सगळंच बंद पडतं. पोरगी म्हणाली, खोक्यातला प्रोसेसर म्हातारा झालाय; पुढच्या महिन्यात खेळ नव्या रूपात येणार, मग हा त्याला उघडणारसुद्धा नाही. मी विचारलं, प्रोसेसर म्हणजे गं काय? ती म्हणाली, "खोक्याचं इंजिन, आजी. आन् नावेचं इंजिन बदलायचं तर आपल्या घरचा रिवाज हाय ना, तुजं हो पायजे." ती चेष्टेत बोलली. रिवाजाची गोष्ट मीच तिला सांगितली होती, पण अर्धी.

दुसरी अर्धी तुला माहीत आहे. किंवा नाही, तुलाही नाहीच. नावेचं काही नवं करायचं, फळी असो की जाळं, तर घरातल्या एका बाईमाणसाच्या तोंडून, लहान असो की म्हातारी, हो घ्यायचं हा आपल्याकडचा रिवाज. त्या रात्री तू चुलीपुढे बसलायस, आई भाकऱ्या थापतेय, आणि पाठ न वळवता सांगतेय की इंजिन आता थकत चाललंय, मागच्या उधाणाला दोनदा बंद पडलं, बदला ते. तू ऐकून घेतोस. तुलाही बदलायचं आहे, मला तुझ्या तोंडावर दिसतंय. मग तू मला पुढ्यात ओढतोस आणि विचारतोस, "बाय, तू बोल. बदलू का नको?" मी म्हणाले, "नको, बा." तू हसलास. "झालं," म्हणालास, "मालकीण नाय बोलली." आईने तव्यावरची भाकरी जरा जोरात उलटली, बाकी काही नाही.

मी नको का म्हणाले हे तू विचारलं नाहीस आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या इंजिनाला एक खोड होती. तीन ठोके सरळ टाकायचं आणि चौथा गिळायचं. आम्ही पोरं किनाऱ्यावर डोळे मिटून बसायचो आणि येणारी नाव कुणाची ते नुसत्या आवाजावरून सांगायचो. बाकीच्यांचं चुकायचं, माझं कधी चुकलं नाही. तुझी नाव दिसायच्या कितीतरी आधी मी उठून टोपली घ्यायची, आणि सगळी पोरं माझ्याकडे बघायची. नवीन इंजिन नव्यासारखं चालणार, मग मी तुला ओळखणार कशी? एवढंच. एवढ्यासाठी मी नको म्हणाले. त्याच हंगामात इंजिन वाऱ्यात बंद पडलं. नाव डहाणूच्या बाजूला लागली, रिकामी. आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्यानंतर तिने मला कधी काही विचारलंही नाही. भात किती घालू एवढंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी ठरवून टाकलं की या घरात हो-नाही दुसऱ्यांनी म्हणावं. लग्न ठरलं तेव्हा मी गप्प. मुलाने मासेमारी सोडून कारखान्यात शिफ्ट धरली, नाव विकायला काढली, आणि रिवाजाने मला विचारलं, तेव्हा मी बोंबील साफ करायचं निमित्त करून उठून गेले. लोकांना वाटतं म्हातारी मस्करीखोर आहे, प्रत्येक प्रश्नाला टोला हाणते. टोला हाणला की उत्तर द्यावं लागत नाही, बा.

आता तू म्हणशील, या वेळी सरळ हो म्हण. मीही तेच म्हणणार होते. पण दुकानदाराने फोन केला. उत्तरेकडचा माणूस आहे, बोलायला गोड. "माँजी, लग तो जाएगा, लेकिन बोर्ड पुराना है," म्हणाला. मग समजावून सांगितलं. प्रोसेसर ज्या पाटीवर बसतो ती पाटी इतकी जुनी आहे की नव्याला ओळखतच नाही. तिला आधी नवं शिकवून घ्यावं लागतं. पाच-दहा मिनिटांचं काम, पण तेवढ्यात वीज गेली तर पाटी कायमची मेली. मग नवं बसत नाही आणि जुनंही चालत नाही. त्याच्याकडे बॅटरी आहे, पण तिची खात्री तोच देत नाही. आणि वीज कधी जाईल हे आमच्याकडे कोण सांगणार? विजेच्या कारखान्याचे दिवे आमच्या ओट्यावरून दिसतात, आणि घरात आम्ही मेणबत्ती शोधतो. अख्खं नवं खोकं घ्यायचं तर आता जमण्यासारखं नाही. म्हणजे नाही म्हटलं तर नाव महिन्याभरात थांबेल. हो म्हटलं तर आजच थांबेल, किंवा चालेल.

सूनबाईने मघाशी पेन ठेवून विचारलं, "आत्या, एका खेळापायी येवढं काय घाबरता? पोरीशी फोनवर बोला की." बरोबर आहे तिचं. फोनवर पोरगी बोलते. जेवलीस का, जेवले. बरी आहेस ना, बरी आहे. दोन मिनिटांत ठेवते. नावेत तसं नसतं. हात जाळ्यात गुंतलेले, डोळे पाण्याकडे, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, मग माणूस बोलतं. तुम्ही गडीमाणसं समुद्रावर एकमेकांशी काय बोलत असाल ते मला या वयात कळलं.

आता जे सांगते ते नीट ऐक, आणि सूनबाई, तू नीट लिही, थांबू नको. दिवाळीनंतर पोरीची नोकरी सुटली. ते तिने घरी सांगितलेलं नाही. एका खोलीत एकटी असते. दिवसातून एकदा खाते, ते पण मी सुकाणू सोडेन म्हणून धमकावते तेव्हा. परवा जाळं ओढता ओढता म्हणाली, "आजी, ही संध्याकाळची नाव नसती ना, तर आज मी उठलेच नसते." आणि त्याच वेळी चित्र थिजलं. मी किती हाका मारल्या तुला काय सांगू. परत आवाज आला तेव्हा ती हसत होती, म्हणाली, घाबरलीस का गं? आणि मग माझ्याकडून शब्द घेतला की हे आईला सांगायचं नाही. मी दिला. पणजोबाला सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

पेन थांबलंय. मला वाचता येत नसलं तरी पेन थांबल्याचं कळतं. लिही गं बाई, रड मग. लिही की म्हातारीने हो म्हटलंय. दुकानदाराला सांग, हो, कर सुरू. चाललं तर ती संध्याकाळी नावेत भेटेल, नाही चाललं तर नाही भेटणार, आणि माझं उत्तर पुन्हा चुकलं असेल. म्हणून दुसरं हो त्याच्याही आधी लिही: तू आज रात्रीच्या गाडीने पोरीकडे निघ. मला विचारू नको, मी विचारायच्या आधीच सांगतेय.

बा, हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तुझी आठवण खरी आहे, भीतीही खरी आहे, पण पत्र काही तुला नव्हतं. हिच्या तोंडाकडे बघून मला ते सांगता आलं नसतं, म्हणून तुला मध्ये बसवलं.