जेटमधला ठिपका

७ जुलै
आज सुगंधा लॅबमध्ये आली ती गप्पच. चार वर्षं माझ्याकडे पीएचडी करतेय, अशी कधी नसते. शेवटी म्हणाली, "मॅडम, आपला ठिपका जेटमधला नाय वाटत."
रेडिओ दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेला लांबच लांब जेट, म्हणजे कणांचा झोत, त्याच्या मधोमध एक्स-रेत चमकणारा ठिपका. माझा पेपर त्यावर. तिचा अख्खा प्रबंधही.
नवा वर्णपट आलाय. तिथे एक क्वेसार आहे, दुसऱ्याच एका दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र, आपल्या दीर्घिकेच्या कितीतरी मागे. आपल्याला तो जेटवर दिसतो, एवढंच.
परत मोज म्हटलं. उगाच.

८ जुलै
तीनदा मोजलं तिने. तेच.
कॉलेजातून गंगापूर रोडने चालतच घरी.

९ जुलै
जुन्या फायली काढल्या. साध्या प्रकाशातल्या चित्रात त्या जागी पुसट काहीतरी आहे, तो क्वेसारच असणार. त्याभोवती पेन्सिलचा गोल. माझाच. शेजारी, 'कॅमेऱ्याचा डाग?'
पेपरात त्याचा उल्लेख नाही. विसरले नव्हते. नको होता तो.

११ जुलै
सरांना फोन. माझे गाइड, त्या पेपरात सहलेखक.
"पोरीचा प्रबंध होऊ दे आधी. मग मासिकाला कळवू."
"म्हणजे तिने खोटं लिहायचं?"
"तू लिहिलंसच ना?"
फोन ठेवून दिला.

१४ जुलै
सुगंधाला ते चित्र दाखवलं. तिने पेन्सिलच्या गोलावर बोट ठेवलं.
"तुम्हाला दिसला होता?"
"हो."
"मग चार वर्षं मी काय केलं, मॅडम?"
रडली नाही. वह्या, चार्जर पिशवीत भरले आणि गावाकडची, सुरगाण्याची गाडी पकडायला गेली.

१५ जुलै
पेपर छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना सगळं लिहून पाठवलं, पेन्सिलच्या गोलासकट. सरांना प्रत. त्यांचं एका ओळीचं उत्तर: 'यापुढे मला फोन करू नकोस.'

२२ जुलै
सुगंधाचा फोन आठवडाभर बंद. हातातल्या निरीक्षणांवर तिचा प्रबंध अजून होऊ शकतो, वेगळा, वर्ष-दीड वर्ष जाईल. हे सांगायला तिच्या गावी गेले.
तिची आई दारात. "पोरीला डॉक्टर करणाऱ्या मॅडम त्या तुम्हीच का? या ना, बसा."
घरी काहीच सांगितलेलं नाही तिने.
सुगंधा खाचरात, भाताची आवणी चाललेली. मला बघितलं. परत खाली वाकून रोपं लावू लागली.
बांधावर चपला काढल्या, साडी खोचली आणि तिच्या शेजारी चिखलात उतरले. ती सरकली नाही. जा असंही म्हणाली नाही.