पुलाखालून गेलेली गाडी

३ फेब्रु.
बांद्याहून येताना बघितलं, जुन्या पुलाजवळची टोलची चौकी पाडतायत. माझे आजोबा तिथे नाकेदार होते. बैलगाडीमागे पैसे घ्यायचे, चालत जाणारा फुकट. घरी आत्यांना सांगितलं. हे गेल्यापासून त्यांच्या या आत्या माझ्या सोबतीला राहतात. उठून परसात गेल्या.

५ फेब्रु.
जेवणाला अजून चव नाही.
ओले काजू सोलताना आत्या आपणहून बोलल्या. त्यांचा धाकटा भाऊ पुलाखाली बुडाला, ते ठाऊक होतं. टोल चुकवायला त्यांच्या वडिलांनी गाडी नदीत घातली, नाकेदार शिव्या देत धावला, बैल बुजले. या घरात असंच सांगतात. आजोबांनी त्यानंतर नोकरी सोडली. माहेरी विषयच नाही.
"गाळी देय नाय होतो तो," आत्या म्हणाल्या. "मी पुलार चलत होतंय. माका आयकाक इला. पैसे नको, पाणी चढलाहा, वर ये, म्हणा होतो. बाबाक कळला नाय."
"मग सांगलात नाय कोणाक?"
"बाबा रडा होतो गो. कसा सांगतलंय?"
हात काजूच्या चिकाने काळे. तसेच ठेवले.

७ फेब्रु.
आज स्वयंपाकघरात, पाठमोऱ्याच:
"म्हणान तुका या घरात आणलंय. भाऊ-वयनी नको म्हणा होती. मीच हट्ट धरलंय."
म्हणजे मला बघायला आल्या तेव्हा मला बघितलंच नाही. नाकेदाराची नात बघितली. यांना ठाऊक होतं? आता कोणाला वि...
राग यायला हवा. भात लावला. दोघी जेवलो.

८ फेब्रु.
काकांना फोन लावला. आजोबांच्या मुलांपैकी तेवढे एकच उरलेत. शाळेत पोरं त्यांना म्हणत, तुझ्या बापाशीन पोरगो बुडवल्यान. एकदाच सांगितलं होतं मला, तेही हसत.
मी काही म्हणायच्या आत आत्यांनी हात पुढे केला. "माका बोलाक दी."
दिला. दोन्ही हातांनी धरून कानाला लावला त्यांनी. ओठ हलले, आवाज नाही.
पलीकडून काका, मीच समजून, "कोण ता? सुमन? कोण बोलता?"
मी गॅस बारीक करायला आत गेले.